टकळी आणि पाटी

प्राथमिक शाळेने मुलाला काय शिकवावे, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा वाटतो. अक्षरओळख, पाढे, हिशेब, जिल्ह्याची माहिती आणि दहापाच कविता एवढे पदरात पडले, की मूल शिकले असे समजण्याची आपल्याकडे फार जुनी चाल आहे. परंतु हाच प्रश्न जेव्हा एखाद्या राष्ट्रापुढे येऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या पोटातून दुसरे प्रश्न निघू लागतात. शाळा कोणासाठी? तिचा खर्च कोणी सोसावा? शिकलेला मुलगा आईबापांच्या उद्योगाला जवळ येणार, की त्याला कायमचा पारखा होणार? या सर्व प्रश्नांना एकाच वेळी उत्तर देण्याचे धाडस १९३७ साली मध्यप्रांतातील वर्धा येथे झाले. लोक त्याला वर्धा-योजना म्हणू लागले. पुढे नई तालीम हे नाव रूढ झाले, आणि महाराष्ट्रात मूलोद्योग शिक्षण किंवा जीवनशिक्षण या नावांनी ते ओळखले गेले. त्या योजनेचे हेतू काय होते, तिची शाळा कशी चालावयाची होती आणि पुढे तिचे काय झाले, हा इतिहास प्राथमिक शाळेशी ज्याचा ज्याचा संबंध आला त्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

त्या काळची स्थिती प्रथम पाहिली पाहिजे. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाची कल्पना १९३७ साली नवी नव्हती. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात तिचा आरंभ केला आणि १९०६ मध्ये ती साऱ्या राज्यास लागू केली. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये तोच मार्ग धरला. ब्रिटिश मुलखात मात्र नामदार गोखल्यांनी १९११ च्या मार्चमध्ये वरिष्ठ कायदेमंडळापुढे आणलेले बिल पुढील वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोधाची कारणे अनेक होती. पण त्या सर्वांच्या बुडाशी पैशाचे कारण होते. कोट्यवधी मुलांसाठी शाळा काढावयाच्या, तर शिक्षकांचा पगार कोठून द्यावयाचा, या एका प्रश्नापाशी प्रत्येक चर्चा येऊन अडत असे.

१९३७ च्या उन्हाळ्यानंतर अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली, आणि हा प्रश्न अधिकच बिकट झाला. दारूबंदी हे काँग्रेसचे वचन होते. परंतु प्रांतांच्या तिजोरीत शिक्षणासाठी जो पैसा येई, त्यात दारूवरील कराचा वाटा फार मोठा होता. दारू बंद केली तर शाळा बंद पडतात, आणि शाळा वाढवाव्या तर दारू चालू ठेवावी लागते, असा हा पेच होता. बापाने गुत्त्यात टाकलेल्या पैशावर मुलाने शाळा शिकावी, ही गोष्ट गांधीजींना असह्य वाटली. ३१ जुलै १९३७ च्या ‘हरिजन’ पत्रात त्यांनी आपला विचार मांडला. साक्षरता म्हणजे शिक्षण नव्हे. मुलाचे शरीर, बुद्धी आणि आत्मा यांतील उत्तम ते सर्व बाहेर आणणे म्हणजे शिक्षण. आणि त्याचा आरंभ एखाद्या उपयुक्त हस्तोद्योगाने करावा, हा त्या विचाराचा गाभा होता. असा उद्योग पहिल्या दिवसापासून मूल करू लागले, तर शाळेचा खर्च शाळेतूनच निघू शकेल, हे त्याला जोडलेले दुसरे कलम होते. ही दोन कलमे एकत्र जन्माला आली, पण त्यांचे दैव निराळे होते. पुढील सारा वाद समजण्यास ही गोष्ट आधी मनात ठेवावयास पाहिजे.

हा विचार गांधीजींना एकाएकी सुचलेला नव्हता. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ १९१० मध्ये त्यांनी टॉलस्टॉय फार्मची वसाहत केली, तेव्हा तेथील मुलांची शाळा त्यांनाच चालवावी लागली. सकाळी शेतात खोदकाम, पाणी भरणे, झाडे लावणे आणि दुपारी अभ्यास असा तेथील क्रम असे. कॅलनबॅक या त्यांच्या जर्मन सहकाऱ्याने चपला करण्याची कला शिकून घेतली होती, ती मुलांना शिकविण्यात आली. पाठ्यपुस्तकांचा उपयोग जवळजवळ नव्हताच. दुपारच्या वेळी मुलांच्या आणि कधी कधी शिक्षकांच्याही डोळ्यांवर झापड येई, हे गांधीजींनी आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. नंतर १९१७ मध्ये चंपारणात निळीच्या मळ्यांवरील रयतेसाठी त्यांनी खेड्यांत शाळा उघडल्या, तेव्हा मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन तेथे शिकविण्यास गेल्या. त्यांना त्या मुलखाची भाषा पुरती येत नव्हती. व्याकरण आणि गणित यांच्याआधी मुलांना स्वच्छता आणि चांगले वळण शिकवावयाचे आहे, असे सांगून गांधीजींनी त्यांची शंका दूर केली. शाळा ही मुलाच्या जगण्यापासून आरंभ व्हावी, हा विचार असा वीस-पंचवीस वर्षे घडत आलेला होता.

वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयाचा रौप्यमहोत्सव आला होता. त्याचे निमित्त करून २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे शिक्षण-परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. काँग्रेसशासित प्रांतांचे शिक्षणमंत्री आले होते. शिक्षणतज्ज्ञ होते, अर्थशास्त्रज्ञ होते. परिषदेने चार ठराव केले. सर्व मुलांना सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण मिळावे. ते मातृभाषेतून असावे. त्याच्या मध्यभागी मुलाच्या परिसराला धरून एखादा उत्पादक हस्तोद्योग असावा आणि इतर सर्व विषय शक्य तितके त्या उद्योगाशी निगडित असावेत. आणि या पद्धतीतून शिक्षकांच्या पगाराचा खर्च क्रमाक्रमाने निघू लागेल अशी परिषदेची अपेक्षा आहे, असे ते चार ठराव. शेवटच्या ठरावातील ‘क्रमाक्रमाने’ आणि ‘अपेक्षा’ हे शब्द सावधपणाचे होते. परंतु बाहेर जेव्हा योजनेची वार्ता पसरली, तेव्हा हे दोन शब्द पुष्कळांच्या कानांवर पडलेच नाहीत.

अभ्यासक्रम तयार करण्यासाठी दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे प्रमुख डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झालेले तेच हे झाकिर हुसेन. वर्ध्याच्या विद्यालयाची धुरा वाहणारे आर्यनायकम् हे समितीचे निमंत्रक होते. ते मूळचे सिलोनचे. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात काम करून ते आणि त्यांच्या पत्नी आशादेवी वर्ध्यास आल्या होत्या. विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, श्रीकृष्णदास जाजू, कुमारप्पा, प्राध्यापक के. टी. शहा, सैयदेन आणि स्वतः आशादेवी ही मंडळी समितीत होती. समितीने वेळ दवडला नाही. २ डिसेंबर १९३७ रोजी तिचा अहवाल तयार झाला, आणि १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली. त्याच वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन होऊन त्याचे ठाणे वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात बसले. गांधीजी १९३६ पासून तेथे राहत होते. विदर्भातच दुसरे मोठे शेगाव असल्यामुळे पत्रांचा घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये त्या खेड्याचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले.

आता या शाळेचे वेळापत्रक पाहावे. कारण शाळेचे खरे तत्त्वज्ञान तिच्या वेळापत्रकात सापडते. सात ते चौदा वर्षांची मुले, वर्षाला २८८ दिवस आणि दिवसाला साडेपाच तास अशी समितीची आखणी होती. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे. मातृभाषा ४० मिनिटे. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान ३० मिनिटे. व्यायाम १० मिनिटे आणि सुट्टी १० मिनिटे. हा हिशेब ऐकून कोणाही जुन्या शिक्षकाने कपाळाला हात लावला असता. मातृभाषेला ४० मिनिटे आणि टकळीला ३ तास २० मिनिटे! परंतु समितीचे म्हणणे असे होते, की उद्योगाचा वेळ हा केवळ हात हलविण्याचा वेळ नव्हे. त्या वेळातच उद्योगाबद्दल बोलणे, मोजणे, लिहिणे, कारण शोधणे हे सर्व यावयाचे आहे. ज्ञान आणि उद्योग यांच्या या सांध्याला मराठीत समवाय म्हणू लागले. समवाय साधला तर ते वेळापत्रक शहाणपणाचे ठरते. न साधला तर ती केवळ मजुरी होते. सारी योजना या एका शब्दावर तोललेली होती.

समवाय म्हणजे काय, हे कापसाच्या उदाहरणावरून नीट कळते. समितीने सुतारकाम, शेती, फळे व भाजीपाला, चामड्याचे काम किंवा त्या त्या जागेला सोयीचा असा कोणताही उद्योग घेण्यास मोकळीक ठेवली होती. परंतु वर्धा जिल्हा काळ्या जमिनीचा, कापसाचा मुलूख. तेथील मुलाने कापूस पेरणीपासून वेचणीपर्यंत घरच्या शेतात पाहिलेला असतो. म्हणून तेथे कातकाम हा स्वाभाविक उद्योग ठरला. सरकी काढणे, कापूस पिंजणे, पेळू करणे, टकळीवर सूत काढणे, ते फाळक्यावर गुंडाळणे आणि पुढे मोठेपणी मागावर विणणे, अशी त्याची पायरी. आता फाळक्यावरचा एक फेरा म्हणजे एक तार. तो चार फुटांचा. अशा १६० तारांची एक लटी, आणि चार लट्यांची एक गुंडी. पहिलीतले मूल आपण किती तारा काढल्या हे मोजते, तेव्हा ते अंक शिकत असते. लटी किती फूट लांब, असे विचारले की गुणाकार येतो. उत्तर ६४० फूट. गुंडी किती फूट? २५६० फूट. वार किती? येथे भागाकार आणि अपूर्णांक आला.

याहून सुंदर गणित सुताच्या अंकात आहे. दहा अंकी सुताच्या एका गुंडीचे वजन जवळजवळ चार तोळे भरते. तीच गुंडी दोन तोळे भरली, तर सूत वीस अंकी झाले. वजन निम्मे होते तेव्हा अंक दुप्पट होतो. व्यस्त प्रमाणाचा जो नियम वरच्या इयत्तेत मुलांना घोकून घोकून पाठ करावा लागतो, तो येथे तराजूच्या पारड्यात डोळ्यांपुढे उभा राहतो. पुन्हा, एकाचे सूत बारीक आणि दुसऱ्याचे जाड का झाले, हे शोधू लागले की कापसाची जात, धाग्याची लांबी, पिंजण्यातील दोष, हवेतील ओलावा अशी विज्ञानाची वाट फुटते. हा कापूस पूर्वी कोठे जात असे, विलायतेहून कापड का येऊ लागले, गावचे विणकर कोठे गेले, या प्रश्नांतून इतिहास आणि भूगोल येतात. दिवसाअखेर प्रत्येकाने आपल्या कामाची नोंद लिहावयाची. तोच मातृभाषेचा निबंध. पाठ्यपुस्तकातील ‘एका व्यापाऱ्याने अमुक मण धान्य घेतले’ या उदाहरणातला व्यापारी मुलाने कधी पाहिलेला नसतो. स्वतः काढलेली गुंडी मात्र त्याच्या हातात असते.

उद्योगाबरोबर मुलाची सृष्टी आणि मुलाचा समाज हीदेखील समवायाची केंद्रे समितीने मानली होती. सामान्य विज्ञानात वनस्पती, प्राणी, शरीर, आरोग्य, आकाशातील तारे आणि शास्त्रज्ञांच्या गोष्टी होत्या. समाजशास्त्रात गावच्या पंचायतीपासून जगाच्या नकाशापर्यंतचा विस्तार होता. इंग्रजी मात्र नव्हते. सात वर्षांच्या अखेरीस मुलाची तयारी इंग्रजी वगळून मॅट्रिकच्या तोडीची असावी आणि त्याशिवाय एक उद्योग त्याच्या हातात असावा, ही मोठी आकांक्षा योजनेने बाळगली होती. परीक्षांविषयी समितीचे मत फार कडक होते. चालू परीक्षापद्धती शिक्षणाला शाप झाली आहे असेच तिने ठरविले, आणि तिच्याऐवजी मुलाच्या वर्षभराच्या कामावर भिस्त ठेवण्यास सांगितले. श्रमाची प्रतिष्ठा हा तर या शाळेचा प्राण. कोणत्याही जातीच्या मुलाने पिंजण हातात घ्यावे, झाडू घ्यावा, आणि त्याबद्दल कोणाला काही वाटू नये, असे मन घडविण्यासाठी ही शाळा होती. ज्या समाजात हाताने काम करणारा अडाणी आणि अक्षरे जाणणारा श्रमाला परका अशी जुनी वाटणी होती, तेथे हा हेतू लहान म्हणता येणार नाही.

एवढ्या विचारपूर्वक केलेल्या योजनेवर टीकेचा जो भडिमार झाला, तो मुख्यतः चौथ्या ठरावामुळे. परिषदेतच प्राध्यापक शहांनी आक्षेप घेतला होता, की सरकारच्या आश्रयाने शाळांनी माल काढला तर तो गावच्या कारागिराच्या पोटावर येईल. शाळा म्हणजे कारखाने आणि मुले म्हणजे बिनपगारी मजूर, अशी हाकाटी बाहेर झाली. धर्मशिक्षण योजनेत नाही म्हणून एका बाजूने तक्रार होती. मध्यप्रांत सरकारची विद्यामंदिर-योजना निराळी असूनही दोन्हींची गल्लत करून तिच्यावर रोष ओढवून घेण्यात आला होता. पण सर्वांत गंभीर इशारा खुद्द झाकिर हुसेन यांनीच दिला होता. स्वावलंबनावर फार भर दिला, तर शिक्षक गरीब मुलांच्या श्रमाची पिळवणूक करणारा मुकादम बनेल, आणि तसे झाले तर टकळी ही पुस्तकाहूनही वाईट ठरेल, अशी त्यांची भीती होती. गांधीजींचे मत याबाबतीत ठाम होते. उद्योग जर खरोखर नीट शिकविला गेला, तर त्यातून खऱ्या मोलाची वस्तू निघालीच पाहिजे. म्हणून स्वावलंबन ही या शिक्षणाची कसोटी होय, असे ते म्हणत. शाळेचा माल सरकारने ठरलेल्या भावाने विकत घ्यावा, अशीही त्यांची सूचना होती.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. मुलाने काढलेले सूत कच्चे निघाले आणि ते टाकून द्यावे लागले, तर तो उद्योग नव्हे, तो खेळ झाला. आणि खेळातल्या चुकीची शिक्षा सृष्टी देत नाही, त्यामुळे त्यात अचूकपणाचा संस्कारही होत नाही. गांधीजींच्या आग्रहाचे हे मर्म होते. परंतु वर्गात बसलेल्या शिक्षकाची स्थितीही ध्यानात घेतली पाहिजे. समितीने शिक्षकाला महिना शक्यतो २५ रुपये, निदान २० रुपये तरी वेतन मिळावे असे सुचविले होते. हे वेतन जर हाताखालच्या मुलांच्या गुंड्यांवर अवलंबून राहिले, तर ‘सूत का तुटते?’ असे विचारणाऱ्या मुलासाठी त्याने हात थांबवावा की ‘पुढे कात’ म्हणावे? प्रश्न विचारणारे मूल शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. उत्पन्नाच्या दृष्टीने तेच सर्वांत तोट्याचे. या कात्रीत योजनेचा दुबळेपणा होता.

युरोपच्या इतिहासात हाच प्रसंग पूर्वी घडलेला होता. स्वित्झर्लंडमध्ये न्यूहोफ येथे पेस्टालोझी या थोर शिक्षकाने १७७४ मध्ये गरीब मुलांना घरी आणून शाळा काढली. शेती करावी, कापूस कातावा, विणावा, त्यातून खर्च भागवावा आणि काम करता करता शिकावे, असा त्याचा बेत होता. सहा वर्षांत, १७८० मध्ये, तो प्रयोग कर्जात बुडून बंद पडला. पेस्टालोझीच्या श्रद्धेत उणेपणा नव्हता. मुलांच्या हातून एवढे उत्पन्न निघाले नाही, एवढेच. तरीही वस्तू आधी आणि शब्द मागाहून, हे त्याचे तत्त्व बुडाले नाही. पुढे बुर्गडॉर्फ आणि इव्हेरडन येथील त्याच्या शाळांतून ते साऱ्या युरोपात गेले.

योजनेची खरी किल्ली शिक्षकाच्या हाती होती, हे समितीने ओळखले होते. एका शिक्षकाकडे तीसहून अधिक मुले असू नयेत, शिक्षकाच्या तयारीचा पुरा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असावा आणि अगदी निकड असेल तर एक वर्षाचा छोटा अभ्यासक्रम चालवावा, असे अहवालात होते. कारण पुस्तकावरून शिकविणाऱ्याला पुढचे पान ठाऊक असते. समवायाने शिकविणाऱ्याला मूल कोणता प्रश्न विचारील हे ठाऊक नसते. त्याला उद्योग उत्तम यावयास पाहिजे आणि उद्योगाच्या भोवतीचे सारे शास्त्रही यावयास पाहिजे. असे शिक्षक हजारांनी तयार करण्यास शांततेची वर्षे हवी होती, आणि ती मिळाली नाहीत. १९३९ च्या ऑक्टोबरात पुण्यास या शिक्षणाची पहिली परिषद भरली, त्याच सुमारास महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. ओरिसात १९४१ मध्ये सरकारने प्रयोगच बंद केला. १९४२ च्या चळवळीत अनेक कार्यकर्ते तुरुंगात गेले. बिहारमध्ये चंपारणातील वृंदावन परिसरात मात्र या शाळा नेटाने चालू राहिल्या.

सेवाग्रामची शाळा या सर्व काळात योजनेचे माहेर होऊन राहिली. तेथे सफाई, स्वयंपाक, भाजीपाला, कातणे-विणणे आणि गावचे आरोग्य हीच अभ्यासाची पुस्तके होती. आज किती माणसे जेवणार, धान्य किती लागेल, त्यात सत्त्व कोणते, भाजी पुरेशी आहे की नाही, याचा विचार मुलांनी करावयाचा. मुलांची सभा भरावी, कामाची वाटणी तिने करावी, आणि कामाचा जाब तिलाच द्यावा, अशी व्यवस्था होती. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामास मोठी परिषद भरली, तेव्हा सात ते चौदा वर्षांचे हे कुंपण ओलांडून पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी आणि प्रौढशिक्षण अशा चार पायऱ्यांत नई तालीमचा विस्तार करण्यात आला. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलांच्या परिसरातूनच साधने घ्यावयाची हा या कामाचाही पाया होता.

स्वराज्यानंतर योजनेला सरकारचा पाठिंबा मिळाला, परंतु तिचा प्राण तिच्याबरोबर खेडोपाडी पोचला नाही. शाळेच्या पाटीवर नाव बदलले, कपाटात टकळ्या आल्या. तपासणीच्या दिवशी त्या बाहेर निघत आणि नंतर पुन्हा कपाटात जात. १९५६ मध्ये जी. रामचंद्रन यांच्या समितीने पाहणी केली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी नाव मोठे आणि काम वरवरचे, अशीच स्थिती दिसून आली. याचा सारा दोष शिक्षकांवर टाकणे अन्यायाचे होईल. आईबापांच्या मनात जे होते त्याचाही विचार केला पाहिजे. शेतकरी आपला मुलगा शाळेत घालतो तो नांगराचे कष्ट सुटावेत म्हणून. शाळेतही मुलाच्या हाती टकळीच दिली, आणि शहरातील मुले मात्र इंग्रजी शिकून कचेरीत गेली, तर श्रमाची प्रतिष्ठा खेड्यानेच काय ती राखावयाची, असे त्याने विचारणे साहजिक होते. श्रमाची शाळा सर्वांसाठी एक असती, तर हा प्रश्न उरला नसता. ती सर्वांसाठी झाली नाही, म्हणून ती गरिबाची शाळा ठरली, आणि गरिबालाच ती नकोशी झाली.

स्वावलंबनाच्या कलमाचा निकाल याहूनही आधी लागला होता. १९४४ च्या सार्जंट अहवालाने उद्योगातून शिक्षण हे तत्त्व मान्य केले. मात्र मालाच्या विक्रीतून फार तर साहित्याचा खर्च निघावा, त्याहून अधिक अपेक्षा धरू नये, असे स्पष्ट सांगितले. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने उद्योगाचे तत्त्व ‘कार्यानुभव’ या नावाने ठेवले, आणि मूलोद्योगाची वेगळी शाळा असू नये असे सुचविले. महाराष्ट्रातील वेळापत्रकांत कार्यानुभव आला तो इतर विषयांच्या रांगेत बसणारा एक विषय म्हणून. जो सर्व विषयांचा आधार व्हावयाचा होता, त्याला तासिकेएवढी जागा मिळाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराशिवाय शाळेत यावे आणि गावच्या कारागिरांकडून काम शिकावे, असे सुचविले आहे. वर्ध्याच्या समितीने वर्षाचे २८८ दिवस मागितले होते.

तथापि हा इतिहास केवळ अपयशाचा म्हणून सोडून देता येत नाही. सेवाग्रामास २००५ मध्ये नई तालीम समितीने ‘आनंद निकेतन’ ही मराठी शाळा सुरू केली, आणि शेती, स्वयंपाक, शिवण, कातकाम यांच्या आधाराने तेथे मुले पुन्हा शिकू लागली. शिक्षकांच्या पगाराचा भार तेथे मुलांच्या सुतावर नाही. चौथा ठराव बाजूला ठेवला तरी तिसरा ठराव उभा राहू शकतो, हे त्यावरून दिसते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मुलांसाठी मोफत आणि सक्तीची शाळा हे गोखल्यांचे मागणे कायद्याच्या पुस्तकात त्यांच्या बिलानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आले. मुलाला शाळेपर्यंत कसे आणावे, या प्रश्नाचे ते उत्तर होय. शाळेत आलेल्या मुलाच्या हाताने काय करावे आणि त्या हाताबरोबर त्याच्या डोक्याने काय करावे, हा वर्ध्याचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. त्याचे उत्तर कायद्याने मिळण्यासारखे नाही. ज्या वर्गात एक जाणता शिक्षक आहे, मुले मोजकी आहेत, आणि ‘सूत का तुटते?’ असे विचारणाऱ्या मुलासाठी काम थांबविण्याची मुभा त्या शिक्षकाला आहे, तेथेच ते मिळते.